राखणदाराचं तोंड बाहेर

"ओ ताई, तेवढी पक्कड द्या ना वर!"

मी मान वर केली. बजाजनगरच्या आमच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला लावलेल्या शिडीवर एक जण एका हातानं लोंबकळत होता. दुसऱ्या हातात पांढरा कॅमेरा, ओठांत दोन स्क्रू. पक्कड माझ्या पायाशी पडलेली.

"ताई कुणाला म्हणता?"

"मग... मॅडम?" स्क्रू पडू न देता तो हसला. तसं हसायला येणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"मॅडम म्हटलं म्हणून देते. पण तो कॅमेरा तिथं लावू नका."

"कामून?"

"चार वाजता समोरच्या पत्र्यावरून ऊन उलटं येतं. टाकीच्या जागी नुसता पांढरा झोत दिसेल तुम्हाला."

त्यानं पत्र्याकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं, मग माझ्याकडं. जरा जास्तच वेळ बघितलं. खाली उतरून स्क्रू तळहातावर घेतले आणि म्हणाला, "मी बिभीषण. कंपनी काढलीय. म्हणजे... हे दोन कॅमेरे, ही शिडी आणि मी."

"मी सत्यशीला. वाळूजला गाड्यांच्या दिव्यांच्या काचा तपासते. आठ तास उजेडच बघते."

"मग अंधारात कामून राहायलात? आमच्यात या."

अशी सुरुवात झाली.

ते २०१८ साल होतं. पाऊस भाद्रपदाच्या आधीच आटोपला होता. शहर मात्र फुगत चाललेलं — पैठण रोडला रोज नवी कॉलनी, नव्या कॉलनीत रोज नवी टाकी, आणि टाकीत आठ-आठ दिवस पाणी नाही. लोक घराला कुलूप लावायला विसरत, पण पाण्याच्या ड्रमला साखळी घालत. टँकर येऊन गेला की दुसऱ्याच्या टाकीत पाईप सोडून पाणी ओढणारे निघाले होते. बिभीषणनं नेमकं तेच हेरलं. त्याचा कॅमेरा दागिन्यांवर नव्हता, पाण्यावर होता. टाकीजवळ कुणी आलं की मालकाचा मोबाईल वाजायचा. कंपनीचं नाव — राखण.

दिवाळीनंतर मी नोकरी सोडली. आईनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "डिप्लोमा झालेली पोरगी गिरणीच्या माडीवर बसून लोकांच्या टाक्या बघणार व्हय?"

"आई, लई चांगलं काम आहे."

"काम चांगलं हाय का तो चांगला हाय?"

मी पोळी उलथत राहिले.

गिरणीवरच्या त्या खोलीत जुन्या बाजारातून आणलेले कॉम्प्युटरचे तीन पडदे होते, आणि भिंतीवर मार्करनं लिहिलेले दोनच शब्द: 'तोंड बाहेर.'

"हे काय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"आमचा आबा शिकवायचा. मुंजाबा धनगर म्हटलं की चितेगावात कुणीबी घर दाखवंल. मेंढरं वाड्यात घातली की राखणदार मेंढरांकडं पाठ करून बसतो. लांडगा बाहेरून येतो ना. मेंढराकडं काय बघायचं? ती आपलीच हायत." मग गंभीर होऊन म्हणाला, "आपला कॅमेरा लोकांच्या घराकडं पाठ करूनच बसणार. आत वळला की आपण राखणदार नाय राहिलो, शीला."

शीला... घरात मला कुणी अशी हाक मारत नव्हतं. त्या दिवसापासून माझं ते एक नवीन नाव झालं, एकाच माणसाच्या तोंडचं.

जानेवारीपर्यंत आमची नव्वद घरं झाली. पुण्याचे एक साहेब कंपनीत भांडवल घालायचं म्हणत होते. बिभीषण दिवसभर शिडीवर, मी पडद्यांसमोर. दुपारी तो यायचा तो केसांत चुना, बाहीला जाळं घेऊन. माझी पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवायचा, स्वतः मात्र गरम पाणी प्यायचा. मी बोलायची नाही. काळ्या पडलेल्या पडद्यात त्याचं प्रतिबिंब दिसायचं, तेवढं बघून घ्यायची. एकदा त्या काचेतच आमची नजरानजर झाली...

"काय बघायलीस?"

"पडदा पुसायला झालाय."

"पूस मग," तो म्हणाला. पण बाजूला सरला नाही.

फेब्रुवारीत रूपाली मॅडम आल्या. पैठण रोडच्या एका नव्या कॉलनीत सहा रो-हाऊसची मिळून एक टाकी. टँकर दर गुरुवारी. टाकी एका बाजूला आणि फाटक दुसऱ्या, म्हणून तिथं माउसनं फिरवता येणारा कॅमेरा बसवला. मॅडम शाळेत इंग्रजी शिकवायच्या. एकट्याच राहायच्या. पिवळी साडी, खांद्यावर मोकळे केस, आणि फोनवर, "बिभीषणजी आहेत का?"

जी!

पहिल्या गुरुवारी तो कॅमेरा तपासायला गेला. दुसऱ्या गुरुवारी वायर तपासायला. तिसऱ्या गुरुवारी मी विचारलं, "आज काय तपासायचंय?"

"तेच... आपलं... सिग्नल."

"पाच ते सात सिग्नलच?"

"त्या बाजूला जरा वीक हाय, शीला." आणि आरशात बघून त्यानं केस नीट केले. केसांतला चुना झाडला! माझ्यासमोर चार महिने तो चुना तसाच होता.

गुरुवार माझा वैरी झाला. गुरुवारी गिरणीचा पट्टासुद्धा 'जी जी जी' करत फिरायचा. काहीतरी करायचं म्हणून मी पावतीपुस्तकाच्या मागं ओव्या लिहायची —

*अशी सवत देखिली, गोरी पिवळ्या साडीची,*
*माझ्या डोळ्यांत उडाली, धूळ पैठणच्या गाडीची.*

लिहायची आणि खोडायची. सवत कशाची? त्यानं मला काय दिलं होतं, एक ओलं फडकं आणि एक नाव. तेवढ्यावर हक्क सांगता येतो का? पण जीव ऐकत नव्हता.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला मी एकटीच बसले होते. पडद्यावर रूपाली मॅडमची टाकी — दुपारीच काठोकाठ भरलेली, शांत. तिच्या बाजूलाच, चौकटीच्या बाहेर, त्यांचा ओटा होता. माउसला एक हलका धक्का, बस्स.

मी भिंतीवरच्या अक्षरांकडं पाठ केली. आणि कॅमेरा फिरवला.

ओट्यावर दोन खुर्च्या. तो, आणि ती. आमचे कॅमेरे स्वस्तातले. त्यांना डोळा होता, कान नव्हते. त्या मुक्या चित्रात मला दिसलं — तिनं आपलं बोट स्वतःच्या खालच्या ओठावर ठेवलं. त्यानं तिच्या ओठांकडं बघितलं. मग त्यानंही खालचा ओठ दातांत धरला, लाजला, आणि काहीतरी बोलला. ती टाळी वाजवून हसली. त्यानं पुन्हा तेच केलं. पुन्हा. पुन्हा...

मी पडदा बंद केला, पर्स उचलली आणि जिना उतरले. कॅमेरा परत फिरवायचा असतो, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी फोन आला. सहा घरांची टाकी कोरडी पडली होती. रात्रीतून कुणीतरी पाईप लावून शेवटचा थेंबही ओढला, आणि एकाही मोबाईलवर घंटा वाजली नाही.

आम्ही दोघं पोचलो तेव्हा फाटकात गर्दी होती. कॉलनीचे अध्यक्ष तात्यासाहेब म्हातारा वॉचमन कडुबाची कॉलर धरून उभे होते. "यानंच काठीनं कॅमेरा फिरवला! तोंड बघा कुठं झालंय त्याचं, सरळ ओट्याकडं. चोरांना सामील आहे हा."

"साहेब, मी कामून फिरवू?" कडुबानं हात जोडले. "मला तर त्याचं तोंड कोणतं न् पाठ कोणती तेबी कळत नाय."

बिभीषणनं मोबाईलवर कालचं चित्रीकरण उघडलं. पहिल्याच चित्रात तो स्वतः होता. ओठ दातांत धरलेला. त्याचा चेहरा पांढरा पडला. कॅमेरा फिरवायचा पासवर्ड जगात दोघांनाच माहीत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"मोटार बिघडली असंल," तो हळूच म्हणाला. "चूक आमच्या मशीनची हाय. कडुबाला सोडा."

"बिघडलेली मोटार बरोबर ओट्यावरच थांबते का?" तात्यासाहेब ओरडले. "मी याला पोलिसातच देतो!"

कडुबाच्या डोळ्यांना धार लागली होती. मी गप्प राहिले असते तर? पुण्याचे साहेब सोमवारी येणार होते. नव्वद घरं. शिडीवरून सुरू झालेलं सगळं... बिभीषणचे डोळे जमिनीवर होते. ते मला गप्प राहा म्हणत होते की बोल म्हणत होते, ते मला अजूनही कळलेलं नाही.

"मी फिरवला," मी म्हणाले. "ऑफिसातून. कडुबाकाकांचा काही संबंध नाही."

"कशासाठी?" हा प्रश्न रूपाली मॅडमनी विचारला.

माझी नजर बिभीषणवर गेली, तेवढ्यात त्यांना सगळं समजलं असावं. वाटलं, आता हसतील. पण त्यांचा आवाज कापत होता.

"हा माझा ओटा आहे. मी इथं केस वाळवते, कधी एकटीच बसून रडते. आणि तुम्ही तिथून बघत होतात? काय दिसलं मग?" त्या जवळ आल्या. "साहेबांशी इंग्रजीतून बोलायचं म्हणून तो माझ्याकडं शिकायला येत होता. 'व्ही' म्हणताना दात ओठावर टेकतात, तेच दाखवत होते मी. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं त्याला. म्हणे, तिच्यासमोर अडखळायची लाज वाटते."

मला त्या रिकाम्या टाकीत जाऊन बसावंसं वाटलं.

संध्याकाळपर्यंत अकरा फोन आले. राखणवाले घरात बघतात, ही बातमी टँकरच्या रांगांमधून शहरभर गेली. साहेबांनी सोमवारी एकच प्रश्न विचारला: आत कोण बघू शकतं? बिभीषणनं खरं ते सांगितलं — म्हणे फार चांगल्या इंग्रजीत. ते चहा पिऊन परत गेले. एप्रिलअखेर आमची चार घरं उरली.

तो मला एका शब्दानं बोलला नाही. सगळे कॅमेरे स्वतः काढत फिरला, आणि प्रत्येक भिंतीची भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवून, बोटानं सारखी करून आला. मग आबांकडं गावी निघून गेला. मी वाळूजला पुन्हा काचा तपासू लागले. खोलीची किल्ली माझ्याकडंच राहिली होती. मे महिन्यात एका सुट्टीला मी ती घेऊन चितेगावची गाडी धरली.

चितेगावच्या पुढं नाथसागर धरणाचं पाणी कोसभर मागं सरलं होतं. उघड्या पडलेल्या गाळावर जरासं हिरवं उगवलेलं, तिथं मुंजाबाआबांची मेंढरं बसली होती. दिवस कलत होता. आबांनी मला बघितलं, कोण ते विचारलंसुद्धा नाही, नुसती काठी करून दाखवलं — तिकडं.

बिभीषण मेंढरांकडं पाठ करून बसला होता. माझ्याकडंही पाठच.

"किल्ली आणलीस?" वळून न बघता तो म्हणाला.

"तुला कसं कळलं मी आहे?"

"राखणदाराला पावलं कळतात. बस." मी समोर जायला निघाले, तर म्हणाला, "इकडं नाय. तिकडं तोंड करून. दोघं असले की पाठीला पाठ लावून बसायचं. म्हणजे चारी बाजूंनी राखण होते."

मी बसले. त्याच्या पाठीची ऊब सदऱ्यातून माझ्या पाठीला लागली. समोर भेगाळलेली जमीन, लांब एक बगळा. मागं तो, अजिबात न दिसणारा.

"माझ्यामुळं बुडाली तुझी कंपनी," मी म्हणाले.

"व्हय. तुझ्यामुळंच बुडाली. लई राग आला होता. अजूनबी अधूनमधून येतो. पण तू कडुबासाठी बोललीस ना... त्या दिवसापासून रागसुद्धा नीट करता येईना."

मेंढरांच्या गळ्यातली एक घंटा वाजली, थांबली.

"शीला, त्या गुरुवारी मी जे वाक्य घोकत होतो ना... ते साहेबांसाठी नव्हतं."

"मग?"

"व्ही येतो त्यात. शेवटून दुसऱ्या शब्दात."

"मराठीत म्हण की."

"मराठीत नाय जमत. मराठीत लई लाज वाटते. खरं वाटतं ना..."

मी हसू दाबलं. आणि दाबता दाबता एक गोष्ट ध्यानात आली, आणि तो जुना गुरुवारचा काटा पुन्हा टोचला.

"थांब. म्हणजे ते वाक्य तू आधी तिच्यासमोर म्हणालास?"

"अगं... शिकायलो होतो!"

"किती वेळा?"

मागं त्यानं बोटानं माती उकरल्याचा आवाज आला.

"बिभीषण, किती वेळा?"

"अकरा."

"अकरा!"

"पहिल्या दहादा चुकलंच होतं गं."

"ते मला काही माहीत नाही," मी म्हणाले. "मला बारा वेळा पाहिजे. आत्ता."

त्याची पाठ हसण्यानं हलली, माझीही. मग तो शांत झाला. आणि सुकलेल्या पाण्याकडं, मावळत्या उन्हाकडं तोंड करून, एकेक शब्द सांभाळत त्यानं ते म्हटलं. एकदा. दोनदा...

त्याचे दात ओठावर नीट टेकले की नाही, मला दिसलं नाही. मी मान वळवली नाही. नुसती मोजत राहिले.