महालातला कोपरा

गुरुबसप्पांचं तिकीट फाडताना दारावरचा कुंडलिक म्हणाला, "काका, लौकर बगून घ्या. दिवेलागणीच्या आत कुलूप लावतो की मी."

"बघायचं काय राहिलंय? सगळं पाहिलेलंच आहे," असं म्हणत ते किल्ल्यातल्या महालात शिरले. साल चौऱ्याहत्तर, डिसेंबर. सगळी हयात गिरणीत फिटर म्हणून गेलेली. हाताला लागेल तेवढंच खरं, असा हा माणूस.

छत्तीस वर्षांपूर्वी, लग्नाला पंधरा दिवस झाले नव्हते तेव्हा, नव्या नवरीला घेऊन ते इथं आले होते. आतल्या दालनात एका कोपऱ्यात भिंतीशी पुटपुटलं की समोरच्या कोपऱ्यात स्वच्छ ऐकू येतं. "रुद्राणी, माझं नाव घे की," त्यांनी भिंतीला तोंड लावून विनवलं. पलीकडून आधी खुदकन हसू आलं आणि मग नुसतं "केळ्री". कन्नडातलं अहो, ऐका. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं तिच्या आईनं तिला बजावलं होतं.

पुढं जन्मभर तेच. भाकरी तव्यावर असो की गिरणीचा भोंगा वाजो, "केळ्री". गेल्या चैत्रात ती गेली आणि शुक्रवार पेठेतलं घर त्यांना खायला उठलं. त्या एका हाकेसाठी जीव तळमळायचा. खुळेपणाच, पण आज ते त्यासाठीच आले होते.

महाल तसाच होता. वटवाघळांचा उग्र वास, चुन्याचा गारवा, दगडी जाळीतून फरशीवर सांडलेलं पिवळं ऊन. ते आपल्या जुन्या कोपऱ्यात उभे राहिले. समोरचा कोपरा रिकामा आहे, हे त्यांनी दोनदा पाहून घेतलं. फिटरची सवय.

भिंतीला गाल लावून ते पुटपुटले, "रुद्राणी, आलोय बघ."

काहीच नाही. बाहेर पोपट कलकलले. ऊन हळूहळू भिंतीवर चढलं आणि विझलं.

तिन्हीसांजेला एका हाकेला ओ देऊ नये, भूत एकदाच हाक मारतं, तीनदा आली तरच द्यावी, हे रुद्राणीचं पालुपद. त्यावरून ते तिची किती टिंगल करायचे!

गालाखालची भिंत किंचित कोमट झाली.

"गुरुबसप्पा."

तिचाच आवाज. तसाच घोगरा, शेवटाला लाडानं उतरणारा.

"ओ!" ते ओरडलेच. डोळ्यांना धार लागली.

कुंडलिक किल्ल्या वाजवत दारात आला. "कुनाला वो देताय, काका? आत कुनी न्हाय."

"माझी बायको रे! नावानं हाक मारली तिनं मला. नावानं..."

त्यांनी झटकन गाल भिंतीवरून काढला.

तेवढ्यात भिंतीतून दुसरा आवाज आला. फार लांबून, धापा टाकत.

"केळ्री... ओ देऊ नका."