येऊ द्या... येऊ द्या...

गाडीच्या काचांना काळी फिल्म लावून आणली, त्या दिवशी तिच्या नवऱ्याचे पाय जमिनीवर नव्हते. "दिवसा ऊन लागणार नाही," तो म्हणाला होता. "आणि रात्री दिसणार काय, कपाळ?" असं तिने विचारलं होतं.

त्याचं उत्तर आज मिळालं. मावशीकडून परतताना, जेमतेम आठ वाजता, ते चुकून एका बोळात शिरले. समोर भिंत, डाव्या हाताला उघडं गटार आणि मागच्या काचेत नुसता अंधार. मागच्या सीटवर त्यांची चार वर्षांची चिमी गाढ झोपलेली.

"तू उतर आणि मागून सांग," नवरा म्हणाला. "मला काही म्हणजे काही दिसत नाहीये."

ती गटाराच्या कडेकडेने, पाय जपत, गाडीच्या मागे गेली. कुबट वास येत होता. लाल दिव्यांच्या उजेडात मागची काच पाटीसारखी काळी दिसत होती. आत कोण बसलंय, हेही कळत नव्हतं. तिने डिकीवर एक थाप मारली.

"येऊ द्या... येऊ द्या..."

गाडी आली. एकही हिसका न देता, इतकी अलगद की इंजिनचा आवाजही जाणवेना. चला, उशिरा का होईना, हे गाडी चालवायला शिकले, असं तिला वाटलं.

"आणखी येऊ द्या..."

"अगं, कोणाला येऊ द्या म्हणतेस?"

आवाज तिच्या पाठीमागून आला. बोळाच्या तोंडाकडून नवरा चालत येत होता. "तू गटार बघत होतीस तेव्हा मी उतरलो. म्हटलं, बाहेर वळायला जागा आहे का बघून यावं."

"मग गाडी..."

"बंद करून आलोय, दिवे तेवढे चालू ठेवलेत." त्याने मुठीतली किल्ली दाखवली. "उतारावर घसरली असेल."

पण उतार होता तो भिंतीकडे. गाडी चढ चढून येत होती.

चिमी आत होती. तिने डिकीवर दोन्ही हात आपटले. "थांबा... थांबा हो..." आपण कोणाला अहो-जाहो करतोय, हे तिचं तिलाच कळेना. गाडी थांबली. लगेच, सांगितलेलं ऐकल्यासारखी.

नवऱ्याने धावत जाऊन मागचं दार उघडलं. आतला दिवा लागला. पुढच्या दोन्ही सीटा रिकाम्या होत्या. चिमी जागी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"आई, हळू बोल ना. बाबा आत्ताच झोपले."

तिच्या शेजारी कोणी नव्हतं. पण त्या सीटचा पट्टा लावलेला होता, पुढे ताणलेला, आणि तो संथपणे वरखाली होत होता.