पडद्याची मोटार

पंच्याऐंशी सालची गोष्ट. बिदरच्या बाजारात, बांगड्यांच्या दुकानात मी लाल नेलपॉलिश मागितलं, आणि शेजारून एका मुलाचा आवाज आला, "मलाबी तेच." बाटली एकच उरली होती.

"बहिणीला पायजे का?" मी विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "न्हाई… तांब्याच्या पाटीवर रेषा ओढायच्यात."

मला हसूच फुटलं. मलाही त्याच कामाला हवं होतं! सर्किटचा बोर्ड हातानं करायचा तर तांब्याच्या थरावर नेलपॉलिशनं रेषा काढायच्या नि पाटी रसायनात बुडवायची. झाकलेलं तांबं तेवढं शिल्लक राहतं.

तो गुरुराज. आमच्याच पॉलिटेक्निकात, पण इलेक्ट्रिकलला, मी इलेक्ट्रॉनिक्सला. गॅदरिंगचा पडदा मोटारीनं उघडायचा-मिटायचा, हे त्यानं अंगावर घेतलं होतं. हुमनाबादहून जुन्या लॉरीच्या वायपरची मोटार आणली होती, पण तिला दोन्हीकडे फिरवणारा बोर्ड काही जमेना.

"बाटली तुमी घ्या," तो म्हणाला, "पण बोर्ड माझा करून द्या."

बोर्डावर चार ट्रान्झिस्टर, दोन-दोनच्या जोड्या. एक जोडी चालू झाली की मोटार पुढं, दुसरी झाली की मागं. मी रेषा ओढायची, तो फुंकर घालून वाळवायचा… गरज नसताना कितीतरी वेळ.

"कामून फुंकायलास? कवाच वाळलंय."

"रेष सरळ आली का बघायलोय."

"रेष खाली हाय. तू माझ्याकडं बघायलास."

पहिल्याच चाचणीत त्यानं खटका झटकन उलटा फिरवला आणि बोर्डातून धूर निघाला. एक जोडी बंद व्हायच्या आत दुसरी चालू झाली होती. मग मी एक कपॅसिटर घालून उसंत ठेवली. खटका कसाही फिरवा, मोटार आधी थांबणार, मगच उलटी फिरणार.

"लई भितीस बाई तू," तो हसला.

भीत होतेच. कमठाण्याचं आमचं घर बौद्ध; त्याचे वडील गुंडेराव सोवळ्या-ओवळ्याचे. आणि एक दिवस कॅन्टीनमध्ये चहाच्या कपाकडं बघत तो म्हणाला, "विशाखा… मला तुझ्याशीच लगीन करायचंय."

मला तो आवडायचा, अगदी मनापासून. म्हणूनच विचारलं, "घरी सांगितलास?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग आधी तिथं बोल. माझ्यापाशी पुढं नि घरी मागं, हे चालायचं न्हाई. तवर मला इचारू नको."

त्यानंतर तो कामापुरतंच बोलायचा. संपलं, असं मी मनाला समजावत राहिले. रडलेसुद्धा.

गॅदरिंगच्या दुपारी नाटकाचा पहिला अंक संपला. मी खटका फिरवला, पडदा मिटू लागला. पुढच्या अंकाचं टेबल लावायला आम्ही दोघं त्याच्याआड मंचावर गेलो. लांब वायरीचा खटका माझ्या हातातच होता.

"घरी सांगितलो," तो हळूच म्हणाला. "अप्पा माझ्याशी बोलनात. आई आलीय… पुढच्या रांगेत. तुला बघायला."

"आन् तू?"

"मी तुझ्याजवळच हाय की. आता इचारू?"

मी गर्रकन त्याच्याकडं वळले, आणि हातातला खटका उलटाच फिरला! मिटत आलेला पडदा जागीच थांबला. धूर नाही, काही नाही. मीच ठेवलेली उसंत ती. तेवढ्या वेळात त्यानं माझा हात धरला, आणि मी म्हणाले, "व्हय."

मोटार गुरगुरली. पडदा सरकन उघडला आणि सगळ्या हॉलनं आम्हाला पाहिलं. शिट्ट्या, हशा… मी हात सोडवायला गेले. त्यानं सोडला नाही.

पुढच्या रांगेत त्याची आई, शारदाबाई, बसल्या होत्या. हसल्या नाहीत. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी त्यांनी उचलून मांडीवर घेतली आणि मोकळ्या खुर्चीवर हात ठेवून मला खुणावलं, ये.

मी खटका गुरुराजच्या हाती दिला आणि पायऱ्या उतरले.