गॉर्डनच्या शिंगांचं माप

सिग्नीनं आपलं सहा महिन्यांचं बाळ ऑर्विलच्या मांडीवर ठेवलं आणि त्याच्या बायकोला, गावातली कोडी उलगडणाऱ्या विल्मा क्रोगला, एवढंच सांगितलं, की आपल्या नवऱ्यानं, लायलनं, अर्लला मारलेलं नाही. सोमवारी लायलवर खुनाचा खटला उभा राहणार होता.

मोंटानातल्या त्या गावातून अकरा ऑक्टोबरला शिकारीला तिघे गेले होते: अर्ल, लायल आणि सिग्नीचा थोरला भाऊ गॉर्डन. अर्ल कड्याखाली गोळी लागून पडला. गॉर्डन त्यांच्यापासून वेगळा होऊन तीस मैलांवर गेला होता म्हणे, उरला लायल.

अर्लच्या बायकोनं सांगितलं, गेल्या हिवाळ्यात बंदी असताना कुणीतरी हरणाचा मोठा नर मारल्याचं अर्लला कळलं होतं. तो शिकारीवर देखरेख ठेवणाऱ्या वॉर्डनकडे जाणार होता. नाव मात्र सांगितलं नव्हतं.

मग सगळे गॉर्डनच्या गॅरेजात गेले. भिंतीवर हरणाची प्रचंड शिंगं होती. त्या दिवशी हेच हरीण मारलं, गॉर्डन म्हणाला. संध्याकाळी शेरीफचा माणूस आला तेव्हा तो ही रक्तानं माखलेली शिंगं पोलादी फितीनं मापत होता. मापाच्या कागदावर साक्षीदार म्हणून त्या माणसाचीच सही होती.

"काल शिंगांचे विक्रम नोंदवणाऱ्या क्लबचा मापाडी येऊन गेला," गॉर्डन म्हणाला. "त्याचा आकडा तोच. रेघभर फरक नाही."

"इतके दिवस का थांबलास?" विल्मानं विचारलं.

"साठ दिवस वाळवल्याशिवाय नोंद होत नाही. ऑर्विलला कुठलं माहीत असायला, त्याला कधी ससाही लागला नाही."

ऑर्विल हसला. मापायला गॉर्डनचा हात नेमका आहे खरा, असंही म्हणाला.

"साठ दिवस कशासाठी, ऑर्विल?" विल्मानं विचारलं.

"ओली शिंगं वाळताना आकसतात. आधी मापलं तर आकडा फुगतो..." ऑर्विल बोलता बोलता थांबला.

"ही रेघभरही आकसली नाहीत," विल्मा म्हणाली. "म्हणजे अकरा ऑक्टोबरला ती वाळलेलीच होती. वर रक्त ताजं फासलेलं. अर्लला कळलेला नर हाच. त्या दिवशी तू तीस मैलांवर काही मारलं नाहीस, गॉर्डन. मारलंस ते कड्यापाशी, अर्लला."

गॉर्डन खाली बसला. शिकारीचा परवाना जन्मभरासाठी गेला असता, एवढंच पुटपुटला.

सिग्नी त्याच्याकडे वळली.

"दर रविवारी तूच मला लायलला भेटायला तुरुंगात न्यायचास, दादा. वाटेत बाळाला गाणी म्हणून दाखवायचास."

मामाचा चेहरा दिसताच बाळानं हात पसरले. सिग्नीनं ते अलगद खाली घेतले आणि आपल्या मुठीत धरून ठेवले.