कोपरा फाडलेलं पान

"चोरी नाही, मारहाण नाही, खून तर नाहीच," डॉक्टर म्हणाले. "एका कागदाचा कोपरा फाडलाय. तो कुणी फाडला, एवढंच मला शोधून हवंय."

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. एवढ्यासाठी हा दातांचा डॉक्टर दुपारचे सगळे पेशंट रद्द करतो, म्हणजे याचाच एखादा स्क्रू ढिला असावा, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. भाऊजींच्या चेहऱ्यावर सगळंच स्वच्छ लिहिलेलं असतं. तपासाच्या धंद्यात याहून वाईट खोड नाही.

वहिनी मात्र खुर्ची पुढे ओढून बसल्या. विमा कंपनीत तीस वर्षं त्यांनी खोटे दावे पकडले होते, आणि निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले म्हणून खासगी कामं घ्यायला सुरुवात केली होती. दीर सोबतीला असायचा, पिशवी धरायला आणि चुकीचे अंदाज करायला.

"कागद दाखवा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांना दवाखान्याच्या मागच्या खोलीत नेलं. चारी भिंतींना काचेची कपाटं आणि त्यांत रंगीत पेट्या, एकेक प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली.

"हे रोल-प्लेइंगचे खेळ. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र होतात, त्याची माहिती एका पानावर लिहितात, आणि संकट आलं की फासे टाकायचे. चाळीस वर्षांपूर्वीच्या पेट्या आता ऑनलाइन लिलावात निघतात. लोक तुटून पडतात."

"सगळ्या नव्याकोऱ्या दिसतात हो!" भाऊजी म्हणाले.

"दिसणारच. पेन्सिलीची एक रेघ असेल तरी ती प्रत माझ्या कपाटात जात नाही."

मग त्यांनी टेबलावरची निळी पेटी उघडली. तीन आठवड्यांपूर्वी लिलावात जिंकलेली. असल्या सात पेट्या त्यांच्याकडे आधीच होत्या. ही आठवी, पहिल्या छपाईची, म्हणून बोली लावली. वहिनींनी फोनवर लिलावाची जाहिरात मागून घेतली आणि मोठ्याने वाचली. "निळी पेटी. नियमांचं पुस्तक, सहा फासे, पात्रांची पाच पानं. काही पानांमागे पेन्सिलीचं लिखाण."

"पार्सल उघडलं, आणि पानावर माझंच अक्षर!" डॉक्टरांचा आवाज खाली आला. "शाईतलं. मी पंचवीस वर्षांचा होतो तेव्हाचं. ही पेटी आमची आहे, मॅडम. आम्ही तिघं दर रविवारी हिच्यावर खेळायचो. सूत्रधार, वह्या बांधणारा आमचा बाईंडर आणि मी."

पात्र मेलं की सूत्रधार त्याच्या पानाचा वरचा कोपरा फाडायचा, अशी या तिघांची रीत होती. फाडलेल्या पानावर पुन्हा कुणी एक अक्षर लिहायचं नाही. पाचातल्या चार पानांचे कोपरे असे फाडलेले होते. कडा जराशा तुसदार, आणि काळाने पिवळ्या पडलेल्या. पाचवं पान डॉक्टरांचं. त्याचीही कड तुसदार होती, पण पांढरीशुभ्र.

"शेवटच्या दिवशी माझा वीस बाजूंचा फासा टेबलाखाली पडला. वीस पडले होते, मी डोळ्यांनी पाहिले. सूत्रधार म्हणाला, खाली पडलेला फासा धरत नाहीत, तुझं पात्र मेलं. मी त्याला खोटारडा म्हटलं आणि उठलो. पुन्हा गेलो नाही."

"एका फाशासाठी?" भाऊजींच्या तोंडून निघून गेलं.

"हो. एका फाशासाठी. पंचवीस वर्षं." डॉक्टर खिडकीकडे बघत होते. "पार्सल आल्यावर पेटी विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला, तेव्हा कळलं की सूत्रधार दहा महिन्यांपूर्वी गेला. आता मला एवढंच ठाऊक करून घ्यायचंय. तेव्हाच फाडला असता तर कोपरा पिवळा असता. म्हणजे त्याने फाडला नाही. त्याच्या लेखी मी मेलो नव्हतो. मागाहून दुसऱ्याच कुणीतरी हा उद्योग केलाय. तेवढं सिद्ध करून द्या, मॅडम. मला झोप लागेल."

वहिनींनी ते पान उचललं, पेशंटच्या खुर्चीवरच्या तपासणीच्या दिव्याखाली नेलं आणि आडवं, तिरकं धरून बराच वेळ पाहिलं. मागची बाजू कोरी होती. त्यावरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं. मग रिकामी पेटी पांढऱ्या ट्रेवर आपटली. घडीतून राखाडी भुगा पडला.

"उंदीर लागलेत," भाऊजी म्हणाले.

"नाही लागलेले," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पान पिशवीत घातलं.

*

दुकानदाराच्या दुकानात जुनी नाणी, तिकिटं, खेळ, खेळणी असा सगळा पसारा होता. माणूस बोलका. लोकांच्या घरातला जुना माल आणायचा, लिलावात टाकायचा, आपलं कमिशन घ्यायचं.

"कोपरा? आला तसाच पाठवला बघा. मी कशाला फाडू? फाटका माल कोण घेतं?"

"पाठवण्याआधी तुम्ही मालाला हात लावता?"

"गिऱ्हाईकाचा मेसेज येतो, त्याप्रमाणे तयार करतो. माझं डोकं मी चालवत नाही, त्यानेच धंदा टिकलाय."

वहिनींनी त्याचा नंबर मागितला. त्याने कोऱ्या कागदावर लिहिला, आणि कागद वाया जाऊ नये म्हणून टेबलावरच्या कटरच्या पात्याखाली धरून नेमकी पट्टी कापून दिली. वहिनींनी ती जपून पाकिटात ठेवली. नंबर बाहेरच्या पाटीवर हातभर अक्षरांत रंगवलेला होता, पण भाऊजी गप्प बसले. एवढं त्यांना आता जमतं.

सूत्रधाराची बायको कपडे शिवायची. घरात मशीन, कापडाचे तुकडे आणि खिडकीत एक रिकामी आरामखुर्ची.

"डॉक्टरांनी पाठवलंय होय तुम्हाला?" तिने दोरा दाताने तोडला. "आता बरी आठवण झाली."

"राग आहे तुमचा?"

"असणार नाही तर काय, ताई? हे आजारी पडल्यावर दोन पत्रं टाकली त्यांना. उत्तर नाही. पण मी त्या पेटीला कधी हात लावला नाही. शेवटचे आठ दिवस ती यांच्या पांघरुणावरच होती. पेन्सिल धरवत नव्हती बोटांत, तरी काहीतरी करत बसायचे. मला म्हणाले, माझ्यामागे ही कुणा ओळखीच्याला फुकट देऊ नकोस. लिलावातच टाक."

"का, ते विचारलं नाही?"

"त्यांचे खेळ त्यांना ठाऊक. मी कधी मध्ये पडले नाही." तिने मशीनखाली कापड सरकवलं. वहिनींनी पत्ता मागितला तेव्हा तिने तो कॅलेंडरच्या पाठीवर लिहिला आणि मोठ्या कात्रीने एका दमात कापून दिला.

बाहेर आल्यावर भाऊजी कुजबुजले, "हीच! राग आहे, कात्री आहे, पेटी घरात होती."

"कात्री आहे हे खरं," वहिनी म्हणाल्या.

बाईंडरचं दुकान म्हणजे डिंकाचा वास आणि छतापर्यंत वह्या. पाठीत वाकलेला, पन्नाशीतच म्हातारा झालेला माणूस. डॉक्टरांचं नाव काढताच त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"कसा आहे तो?"

"बरा आहे. तुमच्या मित्राच्या आजारपणाचं त्याला कळवलं होतंत?"

"तीनदा फोन केला. अनोळखी नंबर उचलत नाही म्हणे, मोठा माणूस झालाय. पण आम्हाला त्याची खबर असायची. या खेळांच्या लिलावांवर तो टपून असतो, निळी पेटी दिसली की सोडत नाही, हे मीच सूत्रधाराला सांगितलं होतं. काय हसला होता तो! म्हणाला, चला, एक पत्ता तरी सापडला."

"तुम्ही दोघं पुढे खेळत होतात?"

"वर्षातून एकदा. दोघांत कसला खेळ? पण तो पेटी उघडायचा, तुमच्या डॉक्टरच्या पानामागे काहीतरी टिपायचा, मग आम्ही गप्पा मारायचो. काय लिहितोस विचारलं तर हाताने झाकायचा." वहिनींनी मागितलेला नंबर लिहून त्याने कागद सुरीने सरकन कापला. कड आरशासारखी गुळगुळीत होती.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर दाराशीच उभे होते. "सापडला?"

"बसा," वहिनी म्हणाल्या. "आणि मी जे सांगेन ते शेवटपर्यंत ऐका."

त्यांनी ट्रेवर तीन कागद मांडले. "तुमच्या पानापर्यंत तिघांचे हात पोचू शकत होते. तिघांनी माझ्यासमोर कागद कापला. एकाने कटरने, एकीने कात्रीने, एकाने सुरीने. ज्याच्या हाताला जे सवयीचं. तिन्ही कडा साफ आहेत. तुमच्या पानाची कड तुसदार आहे. घडी घालून, ओली करून, हाताने फाडल्यावर होते तशी. बाकीच्या चार पानांसारखीच."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "तो असाच फाडायचा. जीभ लावून."

"त्यानेच फाडला, डॉक्टर."

"पण पांढरा..."

"कारण पंचवीस वर्षांपूर्वी नाही फाडला. दहा महिन्यांपूर्वी फाडला. शेवटच्या आठ दिवसांत."

"म्हणजे वाट बघून बघून शेवटी..."

"तसंच मलाही आधी वाटलं. म्हणून मागची बाजू पाहिली."

"मागे कोरं आहे."

"जाहिरातीत पेन्सिलीचं लिखाण होतं. तुमच्या हातात आलं ते कोरं. पेटीत रबराचा भुगा होता. उंदरांचा नव्हे." भाऊजींनी मान खाली घातली. वहिनींनी दिवा खाली ओढला आणि पान त्याच्या उजेडात आडवं धरलं. कोऱ्या कागदावर बारीक बारीक चर उमटले. "पेन्सिल गेली तरी दाब राहतो. वाचा."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. एकाखाली एक चोवीस ओळी होत्या. प्रत्येकीत एक साल, आणि पुढे तेच तीन शब्द. *तळ राखतो आहे.*

"त्याने तुमचं पात्र मारलंच नाही. खेळातल्या मुक्कामावर पहाऱ्याला बसवलं, आणि दरवर्षी हजेरी मांडली. पान भरलं. आता हा कोपरा बघा. फाडलेल्या कडेला लागून तिरक्या दोन ओळी आहेत. कोपरा जागेवर असता तर कुणी असं तिरकं लिहिलं नसतं. म्हणजे आधी फाडलं, मग लिहिलं. फाडलेल्या पानावर लिहायचं नाही हा त्याचाच नियम होता ना? तो त्याने मोडला. तुमच्यासाठी."

पहिली ओळ डॉक्टरांनी स्वतःच वाचली, अडखळत. *"आता मीच निघालो. तुला तळावर एकट्याला कसं ठेवू?"*

त्यांनी बोट खालच्या ओळीवर नेलं. मग ते म्हणाले, "दुसरी?"

"दुसरीतला पहिला शब्द 'तू' आहे. पुढचं नाही लागत. बोटांत जोर उरला नव्हता, नुसती पेन्सिल टेकली होती. कागदावर दाब पडलाच नाही. मी काल चार तास बसले होते."

"त्याने हे माझ्यासाठी लिहिलं... आणि लिलावात टाकायला सांगितलं?"

"पत्राला उत्तर नाही, फोन उचलत नाही. पण निळी पेटी दिसली की हा सोडत नाही, हे त्याला कळलं होतं. त्याने अचूक ओळखलं होतं तुम्हाला. पेटी बरोबर तुमच्याच हातात आली."

डॉक्टर एकदम उठले. रागाने त्यांचे कान लाल झाले होते. "मग खोडलं कुणी? त्या दुकानदाराने? कुणाच्या परवानगीने? मी त्याला सोडणार नाही, मॅडम, मी त्याचं..."

वहिनींनी फोन पुढे केला. हे काम त्यांना अजिबात आवडत नव्हतं, आणि भाऊजींसारखंच आज त्यांच्याही चेहऱ्यावर ते स्वच्छ लिहिलेलं होतं.

"काल संध्याकाळी त्याने हा मेसेज मला पाठवला. लिलाव जिंकल्यावर त्याला आलेला. तुम्ही प्रत्येक विकणाऱ्याला हाच पाठवता म्हणे, शब्दन् शब्द."

डॉक्टरांनी वाचलं. *पाठवण्यापूर्वी पानांवरील पेन्सिलीच्या सर्व खुणा काळजीपूर्वक खोडाव्यात. मला स्वच्छ प्रत हवी आहे.*

खाली त्यांचंच नाव होतं.

ते हळूच खाली बसले. त्यांनी ते पान पुन्हा दिव्याखाली धरलं, डावीकडून, उजवीकडून, डोळ्याला लावून. "तू ये असेल. किंवा तू जा. तू खोटा होतास. तू बरोबर होतास. काहीही असू शकतं, नाही का?"

"असू शकतं."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला ठाऊक नाही, डॉक्टर. ठाऊक असतं तर कितीही कडू असलं तरी सांगितलं असतं."

मग ते रडले. मोठा माणूस रडतो तसे, तोंडावर रुमाल दाबून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. भाऊजी उगाच खिडकी उघडून आले.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, "त्याच्या बायकोला भेटलो तर चालेल तिला?"

"रागावेल. तरी जा."

वहिनींनी कॅलेंडरच्या कागदावरचा पत्ता त्यांच्यापुढे ठेवला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला.

"ही तर इथली मागची गल्ली आहे."

"आठ वर्षं झाली त्यांना तिथे राहायला येऊन."

काहीतरी धीराचं बोलावं असं भाऊजींना फार वाटत होतं. "अगदी जवळ आहे, डॉक्टर. आज आम्ही त्याच गल्लीतून चालत आलो. वळसा घालूनही सात मिनिटं लागली."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी बूट पायात घातले, नाड्या बांधल्या, आणि ते तिथेच बसून राहिले.