नसरापूरच्या फाट्यावर थांब

सरका शेकोटीजवळ, पोरांनो. स्वरूप, तो मोबाईल खिशात घाल. मी थापा मारतो म्हणता ना? मग उद्या विंझरला जा आणि सिद्धनाथला विचारा. बोलला तर नशीब तुमचं.

गेल्या मार्गशीर्षातली अवस. रात्रीचे नऊ. अंथरुणाला खिळलेल्या आईला, सखूबाईला, सिद्धनाथ पेज भरवत होता. मोबाईल वाजला. धाकटा भाऊ गोरख! पाच वर्षांनी.

पाच वर्षांपूर्वी दोघं मिळून बोटीवरच्या नोकरीला निघणार होते. "गाडी नसरापूरच्या फाट्यावर येणार, तू तिथं थांब," असं गोरखनंच सांगितलं. सिद्धनाथ उजाडेपर्यंत थांबला. गाडी आली होती विंझरला, घराच्या दारात. नोकरीची जागा एकच आहे हे गोरखला आधीच ठाऊक होतं. तो एकटाच बसला आणि पाबे घाटानं पसार झाला.

"दादा, आलोय. नसरापूरच्या फाट्यावर ये घ्यायला."

"आता आठवला व्हय रं दादा? कुठं व्हतास?"

"वेल्समधी. होलीहेड म्हणत्यात. बेटावरचं बंदर. आगगाडी समुद्रातल्या बांधावरनं येती, बोटीच्या धक्क्याला टेकती. म्होरं पाण्यापल्याड आयर्लंड. तिथं फाटाच न्हाई, दादा. कुणाला चुकीच्या जागी थांबवताच येत न्हाई."

सिद्धनाथचा राग विरघळला. भाऊच तो.

"निघतो. आई रोज तुझं नाव घेती."

"आई... घरात एकटीच ऱ्हाईल न्हवं?"

"व्हय. का रं?"

फोन बंद.

आईला पांघरूण घालून, बाहेरून कडी लावून सिद्धनाथनं गाडीला किक मारली.

फाट्यावर दुकानं बंद. शेवटची एसटी गेली. वडापच्या जीपाही गेल्या. हायवेवरचे ट्रक तेवढे धडधडत होते. गोरख नाही. मध्यरात्र उलटली. मग मोबाईल वाजला. अनोळखी आवाज.

"गोरखचे भाऊ का? बोटीवरून बोलतोय. तो परवा धक्क्यावरून पाण्यात पडला. आज... सापडला."

"काय बोलता राव! आत्ता रातच्याला बोललो की त्याच्याशी!"



"अहो... त्याचा मोबाईल त्याच्या खिशातच होता, पाण्यात."

सिद्धनाथ उभा राहिला. पुन्हा तोच फाटा. पुन्हा आपणच थांबलेलो.

मग तो... कुठं गेला?

गाडी पळवली. विंझर. अंगण. अंधार.

कडी तशीच.

"आई?"

...

"आई गं?"

सखूबाई पडली होती. गार. ओठांवर हसू. मूठ मात्र घट्ट. सिद्धनाथनं एकेक बोट सोडवलं.

आत समुद्रातल्या शेवाळाची हातभर पट्टी. पाणी अजून गळत होतं.