चार नंबरची फाइल

तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून हे सांगत नाही. मी बँकेत कारकून आहे. कागद पाहिल्याशिवाय मी सख्ख्या भावालाही हो म्हणत नाही. पण हे माझ्या चुलतभावाच्या, साकेतच्या बाबतीत खरोखर घडलं आहे. आणि त्याचा शेवटचा भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

तारीख ३१ जानेवारी २०२४. बुधवार. दुपारचे चार. ठिकाण, वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतलं एक मंगल कार्यालय.

हो, दुपारचे चार. अमावास्या नाही, पिंपळ नाही. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत अडीचशे माणसं आलूबोंडे खात होती.

माझे काका, म्हणजे साकेतचे वडील कृष्णकांत सर, त्या दिवशी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होत होते. छत्तीस वर्षं नोकरी, त्यातली वीस नाचणगावच्या एका शाळेत. निरोपाचं भाषण त्यांनी महिनाभर आरशासमोर घोटलं होतं. दोन पानं, चार घड्या घालून खिशात. सुधाकाकू वैतागून म्हणायची, "आता मलेच पाठ झालं हे."

साकेतचा धंदा व्हिडिओचा. लग्न असो की वाढदिवस, कार्यक्रम संपायच्या आत त्याची छोटी फिल्म पडद्यावर दाखवायची, ही त्याची खासियत. त्यासाठी हॉलमधल्या कॅमेऱ्यांच्या केबली थेट त्याच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या असतात. तिकडे शूटिंग सुरू, इकडे हा त्याच वेळी कापाकापी करतोय. स्क्रीनवर प्रत्येक कॅमेऱ्याच्या चित्राचा एक चौकोन आणि खाली त्याच्या चित्रीकरणाची एक पट्टी दिसते. रिफ्रेश केलं की पट्ट्या लांब होतात आणि सगळ्या एकाच जागी संपतात.

ती जागा म्हणजे आत्ताचा क्षण. त्याच्या पुढे काही नसतं.

नसायला हवं.

साकेतकडे आधी चार कॅमेरे होते. चौथा हिरालालचा. हा नाचणगावचा, काकांचाच विद्यार्थी. सतत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटणारा. प्लास्टिकची पुडी तळहातावर चोळल्याचा चर्र… चर्र… आवाज साकेतला हेडफोनमध्ये ऐकू यायचा आणि तो शिव्या घालायचा. हिरालालचा उजवा खांदा थोडा वर, त्यामुळे त्याचं चित्र नेहमी डावीकडे झुकलेलं. पण माणसाचा चेहरा टिपावा तर त्यानेच.

काकांना तो म्हणायचा, "सर, तुमचं रिटायरमेंटचं भाषण मीच घेतो. पुरं घेतो. मधात कट नाई मारत."

त्या आधीच्या दिवाळीत रोहणा गावचं एक काम आटोपून परत येताना त्याची मोटरसायकल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आदळली. जागीच गेला.

तेव्हापासून कॅमेरे तीनच. साकेतच्या स्क्रीनवर मात्र चौकोन चारच राहिले. चौथा काळा. तो काढून टाकायला दोन मिनिटं लागली असती. साकेतचा हात धजला नाही.

तर त्या दिवशी साकेत स्टेजमागच्या खोलीत बसला होता. कार्यक्रमाआधी तो हेडफोनवर सगळ्या कॅमेरेवाल्यांची हजेरी घ्यायचा.

"एक?"

"रेडी," आदेश म्हणाला.

"दोन?"

"रेडी, दादा," अंकिता म्हणाली.

"तीन?" तिसरा कॅमेरा स्टँडवर होता. त्याचंही उत्तर अंकितानेच दिलं.

आणि सवयीने, सात वर्षांच्या सवयीने साकेतच्या तोंडून निघून गेलं…

"चार?"

त्याने जीभ चावली.

हेडफोनमध्ये अगदी जवळून…

"हाव."

साकेतला आधी राग आला. त्याला वाटलं, आदेश थट्टा करतोय. पण आदेश नवीन पोरगा. त्याने हिरालालला कधी पाहिलंही नव्हतं. आणि बाकी सगळे 'रेडी' म्हणायचे, 'हो'च्या जागी 'हाव' म्हणणारा एकच होता, हिरालाल, हे आदेशला कोण सांगणार?

कार्यक्रम सुरू झाला. शाल झाली, श्रीफळ झालं. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि बसायचं विसरून गेले. साकेत कामाला लागला.

मग हेडफोनमध्ये…

चर्र… चर्र… चर्र…

त्याने एकेका कॅमेऱ्याचा आवाज बंद करून पाहिला. एक बंद, दोन बंद, तीन बंद.

चर्र… चर्र…

त्याने रिफ्रेश केलं. तीन पट्ट्यांच्या खाली चौथी पट्टी आली होती.

काळ्या चौकोनात आता चित्र होतं. काकांचा चेहरा. इतका जवळून की कपाळावरचा गुलाल दिसत होता. आणि चित्र डावीकडे झुकलेलं होतं.

साकेतने बाकीचे तीन चौकोन पाहिले. काकांच्या समोर, जिथे कॅमेरेवाला उभा असायला हवा…

तिथे कुणीच नव्हतं.

पण त्याचे डोळे दुसरीकडेच अडकले. चौथी पट्टी बाकीच्या तिन्हींपेक्षा लांब होती. तिन्ही आत्तावर येऊन थांबलेल्या. ही पुढे गेलेली.

त्याने ती पुढची जागा दाबली.

काका माइकसमोर उभे होते. हातात कागद. मागच्या भिंतीवरचं घड्याळ चार बावन्न दाखवत होतं.

साकेतने कॉम्प्युटरचं घड्याळ पाहिलं. चार एकेचाळीस.

अकरा मिनिटं पुढचं चित्र तो पाहत होता.

काका वाचत होते. पहिलं पान संपलं. दुसरं वर आलं. मग त्यांचा डावा हात टेबल चाचपायला लागला. आधी कागद पडला…

मग काका.

लोक धावले. आरडाओरडा झाला. पण कॅमेरा डगमगला नाही. पडलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे तो हळूहळू, सावकाश, पुढे सरकत राहिला.

कट नाही.

साकेत मला म्हणाला, "दादा, त्यावेळी मले भीती नाई वाटली. फक्त बाबा दिसले." तो खुर्ची पाडून धावला. स्टेजवर चढला, पाहुण्यांचं भाषण चालू असताना काकांचा दंड धरला.

"बाबा, चला. आत्ता."

"काऊन? काय झालं?"

"दवाखान्यात जायचंय."

"मले काई नाई झालं. भाषण राह्यलं ना माह्यं."

अडीचशे माणसांसमोर त्याने बापाला ओढत नेलं. लोक म्हणाले, पोरगं पिऊन आलं. काकू रडायला लागली. काका गाडीत तोंड फिरवून बसले, इतका त्यांचा अपमान झाला होता.

दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टरांनी ती दोनदा पाहिली आणि काकांना चालूही दिलं नाही, सरळ स्ट्रेचरवर घेतलं. तासाभरात स्टेंट बसला. "वेळेवर आणलं," एवढंच ते म्हणाले. काका वाचले.

साकेत सामान आवरायला हॉलवर परतला तेव्हा कॉम्प्युटर तसाच सुरू होता. चौथी पट्टी होती. पण काका पडले तो भाग त्यात नव्हता. पट्टी एका जागी येऊन थांबली होती. काका माइकसमोर उभे, कागदाची घडी उलगडताहेत…

बस, तिथेच.

त्याने कॉम्प्युटर बंद केला आणि घरी गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवला. नवीन घेतला. ती फाइल पुसली मात्र नाही. पुसली तर काय होईल, हे कोण सांगणार होतं?

हे सगळं त्याने मला दोन वर्षं सांगितलं नव्हतं.

या जानेवारीत काकांना साठ वर्षं पूर्ण झाली. घरच्याच अंगणात छोटा मांडव, पन्नास माणसं. साकेतचा एकच हट्ट होता, कॅमेरा नको. मी त्याची खूप खेचली. म्हटलं, "हलवायाच्या घरी जेवायला गोड नाही." तो हसला नाही. बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, वर ये. सकाळपासून आवाज येऊन राह्यला."

गच्चीवरच्या खोलीत जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. हेडफोन खिळ्याला टांगलेले. कशालाच कसली केबल जोडलेली नव्हती. तिथे उभ्या उभ्या त्याने मला सगळं सांगितलं. मी अर्थातच हसलो.

त्याने वीज जोडून कॉम्प्युटर सुरू केला आणि हेडफोन माझ्या कानाला लावले.

चर्र… चर्र…

माझं हसू थांबलं.

साकेतने रिफ्रेश केलं. चौथी पट्टी लांबली होती. पुन्हा केलं. आणखी लांबली.

चौकोनात चित्र आलं. डावीकडे झुकलेलं. आमचंच अंगण. सकाळी मीच खुर्चीवर चढून बांधलेल्या झेंडूच्या माळा. हिरवी शाल पांघरून काका उभे होते आणि हातातला जुना कागद उलगडत होते.

आम्ही जिना कसा उतरलो, मला आठवत नाही.

खाली काका खुर्चीत बसले होते. अंगावर शाल नव्हती. काकू पिशवीतून काहीतरी काढत होती. हिरवी शाल, नवी कोरी, अजून प्लास्टिकमध्ये.

साकेत काकांच्या गळ्यात पडला आणि मिठी मारता मारता त्यांच्या खिशातला कागद त्याने काढून घेतला. मी पाहिलं. कागद माझ्या हातात दिला, मी तो पँटच्या खिशात कोंबला. वाटलं, जिंकलो.

काकूने शाल पांघरली. कुणीतरी म्हणालं, सर, तेव्हाचं भाषण राहिलं होतं, आज होऊन जाऊ द्या. टाळ्या झाल्या. काकांनी खिसा चाचपला. दुसरा चाचपला. मग साकेतकडे पाहून ते छान हसले आणि उठून उभे राहिले.

"कागद कशाले पाहिजे रे? पाठ आहे मले."

मी जोरात ओरडलो, "पानं वाढली, चला, चला, गरम आहे तोवर बसा." लोक उठले. खुर्च्या सरकल्या. साकेतने काकांना हाताला धरून पंगतीत बसवलं. काकांचं तोंड उतरलं. मला फार वाईट वाटलं, पण दुसरं काय करणार होतो?

संध्याकाळी आम्ही दोघं पुन्हा वर गेलो. पट्टी थांबली होती. पण कागद उलगडण्यावर नाही. चित्रात काकांचे हात रिकामे होते आणि तोंड नुकतंच उघडलं होतं.

दोन वर्षांत हिरालाल एवढाच पुढे सरकला. त्याला घाई नाही.

त्याने काकांना वाचवलं, की तो भाषण पुरं व्हायची वाट बघतोय? साकेत आणि मी यावर बोलत नाही. काका ठणठणीत आहेत. रोज सकाळी सहाला अंगणात फेऱ्या मारतात. फेऱ्या मारताना त्यांचे ओठ हलत असतात. साकेत खिडकीत बसून ऐकतो. पहिलं पान संपत आलं की चहाला हाक मारतो. काका चिडतात, पण थांबतात. दुसऱ्या पानावर त्याने त्यांना अजून जाऊ दिलेलं नाही.

परवा साकेतचा फोन आला. कामासाठी दोन दिवस नागपूरला जावं लागतंय.

"दादा, सकाळी सहाला घरी येऊन बसशील का?"

मी दोन दिवसांची रजा टाकली आहे. अर्जात कारण 'घरगुती' लिहिलं.